सुलोचनाताईंच्या डोक्याचा निकाल

२००७ साली जयपूरच्या मुरलीपुऱ्यातल्या एका घरात सुलोचनाताईंना जिवंतपणीच निकालात काढलं गेलं. निमित्त काय, तर त्यांच्या हातून एकदा दूध उतू गेलं आणि गॅस तसाच चालू राहिला.

वय एकसष्ट. नवऱ्याच्या केंद्र सरकारी नोकरीमुळे साताऱ्याहून जयपूरला आलेल्या, तो गेल्यावरही इथेच मुलाकडे राहिलेल्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. पण त्यांची आई शेवटी पोटच्या लेकींनाही ओळखत नव्हती आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"आजीसारखंच सुरू झालंय. मतलब, रक्तातच आहे," मुलगा निनाद म्हणाला. कुठल्या डॉक्टरला विचारून? कुणालाच नाही! त्याने आईच्या स्कूटरची किल्ली काढून घेतली. सुनेने, प्रज्ञाने, "आई, तुम्ही आराम करा," म्हणत स्वयंपाकघर सोडायला लावलं. भाजी आणायला जाणंही बंद. काळजी म्हणे! दिवसभर टीव्हीसमोर बसवलेलं माणूस बोलणार कुणाशी आणि आठवणार काय? चार-सहा महिन्यांत त्यांना खरंच नावं सुचेनाशी झाली. घरचे माना डोलवायचे. बघा, म्हटलं नव्हतं?

शेवटी त्या एकट्याच बसने मेंदूच्या डॉक्टरांकडे गेल्या. तपासण्या झाल्या. रक्तदाब भलताच वाढलेला, झोप तुटक, हालचाल जवळजवळ नाहीच.

"वारशाने धोका येतो, माँजी, निकाल येत नाही," डॉक्टर म्हणाले. "या वयातही मेंदू नवं शिकतो, नव्या जोडण्या करतो. पण त्याला काम लागतं. तुमचं काम कुणी काढून घेतलं?"

घरी येऊन त्या कडाडल्या, "माझ्या आईचं रक्त तुझ्यातही आहे ना रे? दिवसभर खुर्चीत बसतोस, वरून कचोऱ्या हाणतोस. मग तुझ्या गाडीची किल्ली कुणी काढून घ्यायची?"

 निनादने स्कूटरची किल्ली आणून त्यांच्या हातात ठेवली.

मग गोळ्या, सकाळचं भरभर चालणं, आणि गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे उर्दू. उजवीकडून डावीकडे लिहिताना सुरुवातीला त्यांना घाम फुटायचा. वर्षभराने डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. बरीच सुधारणा होती. पुढचं मात्र सांगता येत नाही, असंही ते म्हणाले. तेही सुलोचनाताईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

निनाद एकदा म्हणाला, "आई, आम्ही काळजीपोटीच केलं गं."

"मग मला आधी विचारायचं होतंस," त्या म्हणाल्या, आणि चपला घालून उर्दूच्या तासाला निघून गेल्या.