हँडलला लटकलेली पाचर

दूध उतू जायच्या बेतात होतं, ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता आणि नळाला पाणी करंगळीएवढं येत होतं. म्हणजे आमच्या घरची नेहमीची सकाळ. तेवढ्यात दारावर टकटक झालं. बेल चालू असताना कोण ठोकतंय कळेना, आणि आवाजही बोटांचा वाटेना. लाकडानं ठोकल्यासारखा कोरडा, थांबून थांबून.

"बघ गं कोण आहे," हे पलंगाखालून म्हणाले.

"टाकीवाले असतील. पाणी कमी सोडल्याबद्दल माफी मागायला आले असतील," असं म्हणून मी दार उघडलं, आणि जीभ चावली.

खरंच टाकीवाले होते. गेले दहा महिने ते टाकीवर गेलेले नव्हते, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. त्यांच्या हातात लाकडाची एक पाचर होती, तिनंच ते दार ठोकत होते. आपण काय करतोय हे त्यांच्या लक्षात आलं तसा त्यांनी हात झटकन मागे घेतला.

"वहिनी, दहा मिनिटं आहेत का?"

"या की भावजी. चहा होतोच आहे."

टाकीवाले आमच्या खाली, तळमजल्यावर राहतात. एकटेच. कुणी लग्नाचं काढलं की म्हणायचे, "तीन टाक्या सांभाळतो, चौथी कुठे ठेवू?" गावाला पाणी पुरवणाऱ्या त्या तीन टाक्या डोंगरावर आहेत. रोज वर जायचं, पातळी मोजायची, औषध टाकायचं, व्हॉल्व्ह फिरवायचे, बाटलीत नमुना भरून आणायचा. वाट म्हणजे नुसते सुटे दगड. त्यामुळे जाड दातेरी टायरांची, उंच, खडकातून चालणारी मोटारसायकल त्यांच्याकडे होती, आणि मागे बसायला जोडीदार होता, लांब्या. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतंच. तो मागे बसला की त्याचे गुडघे टाकीवाल्यांच्या कोपरांना लागायचे, आणि दोघं भांडत भांडत फाटकाबाहेर पडायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. अकरा वर्षं बघितलं.

तीन वर्षांपूर्वी पंपाच्या पट्ट्यात सापडून टाकीवाल्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. उरलेल्या बोटांनी क्लच दाबवेना. खालच्या ऑफिसात टेबलावर बसायची तयारी त्यांनी केली होती, पण लांब्यानं ऐकलं नाही. तो निम्मा मेकॅनिकच होता. कुठून कुठून सुटे भाग मिळवून त्यानं गाडीला ऑटोमॅटिक क्लच बसवला आणि डाव्या हाताखालचा लिव्हर काढूनच टाकला.

"अॅक्सिलरेटर पिळला की क्लच आपोआप धरतो, सोडला की सोडतो," खाली अंगणात तो मला समजावून सांगत होता. "चढावर दगडात अडकलं तरी गाडी बंद पडत नाही. आता ह्याला एका हातानं गाडी चालवता येईल आणि दुसऱ्या हातानं मला शिव्या देता येतील."

"शिव्यांना हात कशाला लागतो?" टाकीवाले म्हणाले होते.

हे सगळं आठवत मी कप पुढे केला. त्यांनी तो उजव्या हातात घेतला. डाव्या हाताची तीन बोटं हवेतच काहीतरी ओढत होती, सोडत होती. ही खोड मी मागेच टिपली होती. दुसरीही एक होती. गल्लीतून जाताना उभ्या असलेल्या प्रत्येक मोटारसायकलला ते तळवा लावून हलकेच पुढे ढकलून बघत. मुलं त्यांच्या मागे नक्कल करत चालायची. आमचे हे म्हणायचे, वर लांब्या गेला त्याचा धक्का बसलाय माणसाला, दुसरं काही नाही. मलाही तसंच वाटायचं. जिन्याखाली त्यांची ती गाडी चादरीखाली उभी असायची. तिथली फरशी परातीसारखी सपाट, तरी पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना विटा. कधी पहाटे दळणाचा डबा आणायला खाली गेले की ती चादर हलल्यासारखी वाटायची आणि माझाही पाय पायरीवर अडायचा.

"सोमवारपासून कामावर बोलावलंय," टाकीवाले म्हणाले.

"अरे वा, बरं झालं."

"जोडीला लांब्याची मुलगी आहे. बापाच्या जागेवर घेतलंय तिला."

आतून ह्यांची मोज्याची शोधाशोध थांबली.

"वहिनी, चौकशीच्या कागदात काय लिहिलंय माहीत आहे? 'वाहन गिअरमध्ये उभे केले होते. चालकाने आवश्यक ती काळजी घेतल्याचे दिसते.' साहेबानं मला वाचून दाखवलं. पाठीवर हात ठेवला."

"मग? बरोबरच आहे ना ते?"

"साध्या गाडीला बरोबर आहे. उतारावर गाडी बंद करून गिअरमध्ये ठेवली की इंजिन चाकाला धरून ठेवतं. पंचवीस वर्षं मी तेच केलं. पण ह्या क्लचचं तसं नाही. इंजिन बंद झालं की क्लच सुटलेलाच असतो. गिअर टाका नाहीतर नका टाकू, चाक मोकळं ते मोकळंच." त्यांनी पाचर टेबलावर ठेवली. "लांब्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. 'गिअरवर विसंबू नकोस, पाचर लाव.' दाराच्या चौकटीच्या तुकड्यातून ही तासून दिली. दोरी ओवून हँडलला बांधली, समोर दिसत राहावी म्हणून. दोन वर्षं लावली मी रोज. त्या दिवशी नमुन्याच्या बाटल्या पिशवीतून निसटायला लागल्या, फुटतील म्हणून घाई केली. गाडी उताराकडे तोंड करून उभी केली, पायानं गिअर टाकला, आणि पाय जुना होता, वहिनी, त्याला वाटलं झालं काम."

पुढचं त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं.

लांब्या वीसेक पावलं खाली, टाकीतून उतू जाणाऱ्या पाण्याच्या पाइपाखाली हात धूत होता. पाठ इकडे. गाडी निघाली. इंजिन बंद, त्यामुळे आवाज असा नाहीच. फक्त हँडलला लटकलेली ही पाचर पेट्रोलच्या टाकीवर आपटत होती. टक, टक, टक. दगडात अडखळत अडखळत गाडी खाली गेली आणि तो आवाज जलद होत गेला. टाकीवाले धावले. त्यांनी हँडल गाठलंसुद्धा.

"डावं हँडल गाठलं," ते म्हणाले. "आणि लिव्हर दाबला. नसलेला. पुढचा ब्रेक उजवीकडे होता. मी ओरडलो तसा तो वळला. हसला. त्याला वाटलं, मी डबा खायला बोलावतोय."

चहावर साय धरली होती. मी तो बदलून द्यायलाही उठले नाही.

"दहा महिने लोक मला सांगतायत, तू काळजी घेतली होतीस. ज्याला त्या क्लचचं कळत होतं असा एकच माणूस होता, तो गेला." "पोरगी येतेय आत्ता, गाडी बघायला. मी तिला सांगणार आहे. तुम्ही खाली याल का? नुसत्या उभ्या राहा."

खाली जिन्याशी ती आलेलीच होती. बापासारखीच उंच, कुरळ्या केसांची, खांद्याला पिशवी. तिनं चादर काढून घडी करून ठेवली होती, विटा बाजूला सारल्या होत्या.

"काका, टायरमध्ये हवा कमी आहे. गाडी पाळलीय की पुरलीय?"

अगदी लांब्याचीच बोलायची तऱ्हा.

टाकीवाल्यांनी तिला सगळं सांगितलं. मला सांगितलं त्याहून कमी शब्दांत, कुठेही आपली बाजू न घेता. गिअर टाकून दाखवला. मग म्हणाले, "ढकल." तिनं तळवा लावला. गाडी हाताभर पुढे सरकली, लोण्यातून सुरी जावी तशी. तिनं हात काढून घेतला आणि बराच वेळ त्या चाकाकडे बघत राहिली.

"पाचर कुठे होती?"

"हँडलला."

"लटकत?"

"हो."

तिनं त्यांच्या हातातून ती घेतली. मागच्या बाजूला पेन्सिलीनं ओढलेली एक रेघ होती, इथपर्यंत चाकाखाली सरकव, ही खूण. ती रेघ तिनं अंगठ्यानं चाचपली.

"ऑफिसला सांगितलंत?"

"काल लिहून दिलं. उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर पाणी तर सोडायलाच हवं. तू दुसरा जोडीदार माग, मी सही करतो. नाहीतर मी टेबलावर बसतो."

"आईला मी सांगेन," ती म्हणाली. "तुम्ही यायचं नाही. मी बोलवेपर्यंत आमच्याकडे यायचंच नाही."

"नाही येणार."

वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली सरकवली, तिचा आवाज जिन्यात घुमला. तिघंही दचकलो. मुलगी आधी सावरली. खाली वाकली आणि तिनं पाचर चाकाखाली सरकवली, रेघेपर्यंत. उठून गाडी ढकलली. हलली नाही. परत ढकलली, सगळा भार टाकून. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"ह्या क्लचची गाडी मला येत नाही," ती नाक ओढत म्हणाली. "आणि तुमच्याशिवाय ती कुणालाच येत नाही. वर चालवायची तुम्ही, उभी मी करणार. तुम्ही हात लावायचा नाही. सोमवारी किती वाजता?"

"साडेसहा."

"हवा भरून ठेवा," असं म्हणून ती गेली. जाताना मागे वळून बघितलं नाही.

टाकीवाले तिथेच उभे होते. डाव्या हाताची बोटं हवेत ओढत होती, सोडत होती. मी म्हटलं, "भावजी, वर चला, गरम चहा देते." त्यांनी मान हलवली. वाकून पाचर काढली, दोरी सोडवली, हँडलला बांधायला गेले आणि थांबले. मग ती शर्टाच्या खिशात कोंबली. निम्मी बाहेरच राहिली.

"तिच्यासमोर मी विसरणार नाही," ते म्हणाले. "पण दोन वर्षं आठवण ठेवूनही एक दिवस विसरलो होतो. तुम्ही सकाळी खिडकीत असताच."

"असतेच."

"मग आम्ही निघताना रोज एकदा वरून विचारा, वहिनी, पाचर घेतली का. एवढंच."