काटा कुठंय?

समोरून कुणीही येवो, आमच्या शेजारचे चाचा उजव्या हाताच्या नखानं हवेतच काचेवर मारल्यासारखं टकटक करायचे आणि विचारायचे, "काटा कुठंय?" कसं काय, बरं आहे का, जेवण झालं का, यातलं काही नाही. आपण म्हणायचं, "मधी." मग ते समाधानानं मान हलवून पुढं जायचे. अंगात ताप असो की घरात भांडण झालेलं असो, उत्तर एकच. पडेगावच्या आमच्या गल्लीत दूधवाल्यापासून मशिदीतल्या मौलवींपर्यंत सगळे "मधी" म्हणत. एकदा मी गंमत म्हणून "खाली हाय, चाचा" म्हणालो, तर त्यांनी मला हाताला धरून ओट्यावर बसवलं, पाणी पाजलं आणि काय झालं ते सांगितल्याशिवाय उठू देईनात. झालं काहीच नव्हतं. शेवटी मला एक खोटी पोटदुखी काढावी लागली, आणि चाचींनी केलेला ओव्याचा काढा प्यावा लागला. पुन्हा ती गंमत केली नाही.

काटा म्हणजे गाडीच्या मीटरचा काटा. चाचांकडे एक जुनी पांढरी मोटार होती. तिच्यात कंपनीनं वेगाचा आणि पेट्रोलचा काटा दिला होता, बाकी सगळे नुसते दिवे. इंजिन तापलं की लाल दिवा, तेलाचा दाब गेला की लाल दिवा. चाचांचा त्या दिव्यांवर फार राग.

"दिवा म्हंजी काय, भाऊ? मयताची खबर. झाल्यावर येते. काटा म्हंजी तब्येत. तो आधी सांगतो."

म्हणून त्यांनी गाडीत वेगळे मीटर बसवायचे ठरवले. एक पाण्याच्या तापमानाचा, एक तेलाच्या दाबाचा, एक बॅटरीचा. गाडी घेऊन बरीच वर्षं झाली होती. मग ही तब्येत बघायची हौस आत्ताच का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडला होता. त्याचं उत्तर मला नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं म्हातारचळ वाटेल. चाचांना ऐकू कमी येत चाललं होतं.

आणि हे कुणाला खरं वाटलं नसतं, कारण त्यांचा कान गल्लीत प्रसिद्ध होता. ते वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या मोठमोठ्या प्रेसच्या देखभालीला होते. रिटायर झाल्यावर ओट्यावर बसून सुपारी चघळत रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे आजार सांगायचे. "याची चेन सैल हाय." "याचं एक बेअरिंग रडायलंय." माणूस फटफटी घेऊन परत यायचा तो मेकॅनिककडूनच. पण ज्या प्रेसनं तो कान तयार केला, त्याच प्रेसनं तो खाल्ला. आधी डावा गेला, मग उजवाही उतरायला लागला.

कान गेल्याचं घरी कळलं असतं तर गाडीची किल्लीही गेली असती. पुण्याचा मुलगा तसाही फोनवर "अब्बा, गाडी काढून टाका" म्हणतच होता. आणि गाडी गेली असती तर चाचांचा रविवार गेला असता. करमाडला त्यांची थोरली बहीण होती, आपा. अंथरुणाला खिळलेली. रविवारी भाऊ आल्याशिवाय ती तोंडात घास घेत नसे. चाचा आणि चाची सकाळी गाडी काढून जायचे, आपांना जेवू घालून संध्याकाळी परत यायचे. पडेगाव शहराच्या एका टोकाला, करमाड दुसऱ्या टोकाच्या पुढं. त्या गाडीवर एवढं सगळं टेकलेलं होतं.

तर मीटर आले. ते बसवायला पट्टी पाहिजे होती. बाजारात मिळते तशी प्लास्टिकची पट्टी चाचांना पसंत पडली नाही. त्यांनी स्वयंपाकघरातून ॲल्युमिनियमचा एक अरुंद, लांबट ट्रे उचलला, त्याला तीन गोल भोकं पाडली, कानशीनं कडा घासल्या आणि डॅशबोर्डखाली दोन स्क्रूंनी तो असा आवळला की गाडी मोडली असती पण ट्रे हलला नसता. त्या ट्रेमधून चाची ईदला गल्लीभर शीरखुर्म्याच्या वाट्या फिरवायच्या. त्या वर्षी त्यांनी प्रत्येक वाटी हातात धरून वेगळी आणून दिली आणि प्रत्येक दारात सांगितलं, "ट्रे गाडीत बसलाय. आता मला पण बसवतील कुठंतरी बोल्ट मारून."

वायरिंगच्या कामाला उजेडाची बॅटरी धरायला मी होतो. मी बँकेतला माणूस, माझ्याकडं स्कूटर, त्यामुळं गाडीतलं मला काही कळत नाही हे चाचांना पसंत होतं. मधे बोलणारा माणूस त्यांना नको असायचा. इंजिनला तेलाच्या दिव्याचं जे बटण असतं ते त्यांनी काढलं आणि त्याच जागी नव्या मीटरचा सेन्सर बसवला. बसवण्याआधी त्याच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली. एक वेढा, दुसरा वेढा, तिसरा. नळाला गुंडाळतात तीच टेप. मी म्हटलं, "चाचा, मफलर झाला याचा." ते म्हणाले, "तेल गळलं न्हाय पायजे. प्रेसवर अख्खी जिंदगी हेच केलंय."

गाडी चालू केली. तिन्ही काटे उठले आणि आपापल्या जागी जाऊन थांबले. चाचांनी एकेका काचेवर नख वाजवलं आणि माझ्याकडं बघून हसले. लहान मूल पहिल्यांदा सायकलवर तोल सावरल्यावर हसतं, तसं.

त्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर करमाडला निघालो. चाची आदल्या दिवशीच आपांकडं गेल्या होत्या, त्यांना आणायचं होतं. चाचांची नजर अर्धी रस्त्यावर, अर्धी काट्यांवर. शहर ओलांडलं, जालना रोडला लागलो, चिकलठाणा मागं पडलं आणि तेलाच्या दाबाचा काटा थरथरला आणि खाली पडला. सरळ शून्यावर.

चाचांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले.

"गेलं. तेलाचं प्रेशर गेलं. इंजिन गेलं, भाऊ."

मी म्हटलं, "पण चाचा, आवाज तर रोजच्यासारखाच होता."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग खाली उतरून बॉनेट उघडलं, मला इंजिनजवळ उभं केलं आणि म्हणाले, "मी एक मिनिट चालू करतो. तुम्ही ऐका. आतून हातोडी मारल्यागत टकटक येती का?"

"मी काय ऐकणार? तुम्हीच ऐका ना."

"मला न्हाय येत ऐकू." ते रस्त्याकडं बघत म्हणाले. "डावा कान बंद हाय. उजवा अर्धा. म्हणून तर मीटर बसवले. कानाचं काम डोळ्यानं करावं म्हटलं."

ज्या माणसानं अख्ख्या गल्लीच्या गाड्या कानानं तपासल्या, तो मला, ज्याला हॉर्न आणि बेल यापलीकडं काही कळत नाही त्याला, ऐकायला सांगत होता. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मी वाकून जमेल तेवढं ऐकलं. टकटक नव्हती. तसं सांगितलं, तरी त्यांनी दोनदा शपथ घ्यायला लावली.

मग त्यांचं डोकं चालू झालं. सेन्सरची वायर काढून त्यांनी इंजिनच्या लोखंडाला टेकवली, तर मीटरचा काटा उसळी मारून पार वर. म्हणजे मीटर ठीक, वायर ठीक. चाचा सेन्सरकडं बघत राहिले आणि एकदम कपाळावर हात मारला.

"टेप! या सेन्सरला अंगातून अर्थिंग मिळतं, भाऊ. लोखंडाला लोखंड लागलं तर. आन् मी त्याला गोधडी गुंडाळली!"

तेल गळू नये म्हणून घातलेल्या त्या तीन वेढ्यांनी सेन्सर आणि इंजिन यांची गाठच पडू दिली नव्हती. आधी कुठंतरी जरा टेकत होतं, रस्त्याच्या हादऱ्यांनी तेही सुटलं. चाचांनी वायरचा एक तुकडा सेन्सरच्या अंगाला आवळला आणि त्याचं दुसरं टोक इंजिनच्या बोल्टला. गाडी चालू केली. काटा उठला आणि मध्यावर जाऊन उभा राहिला. मी टाळी वाजवली. चाचा हसले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, "चाचीला सांगू नका. कानाचं. आपाची भेट बंद होईल."

मी कबूल केलं.

करमाडला पोचलो तेव्हा आपा ताट झाकून वाट बघत होत्या. चाचांनी त्यांना भाकरी कुस्करून भरवली. दोघं भावंडं एकमेकांशी फारसं बोलली नाहीत. संध्याकाळी निघताना मी मागच्या सीटवर बसायला गेलो, चाचींना पुढची जागा मिळावी म्हणून. चाची म्हणाल्या, "न्हाय, तुम्ही बसा पुढं. माझी जागा ठरलेली हाय." आणि त्या मागं, बरोबर चाचांच्या पाठीशी बसल्या. ही गोष्ट गल्लीत चेष्टेची झालेली होती. चाची मेमसाब झाल्या, नवऱ्याला ड्रायव्हर करून मागं बसतात, असं आम्ही सगळेच म्हणायचो. चाचाही म्हणायचे.

शेंद्र्याच्या अलीकडं मागून एका ट्रकनं हॉर्न दिला. चाचा तसेच रस्त्याच्या मधोमध चालले होते. तेवढ्यात चाचींची दोन बोटं त्यांच्या उजव्या खांद्यावर हलकेच टेकली. चाचांनी गाडी डावीकडं घेतली, ट्रक निघून गेला. पुढं पुन्हा एकदा तसंच झालं. पुढं एकदा चाची सीटवरून पुढं सरकल्या आणि त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "सुनो, दूध लेना है." मेमसाब मागं का बसतात, ते मला तेव्हा कळलं.

घरी पोचल्यावर चाचा गाडी झाकत होते तेव्हा चाची मला दाराशी थांबवून हळूच म्हणाल्या, "तुम्ही आज बघितलं, मला कळलं. त्यांना वाटतं मला काही माहीत न्हाय. वाटू द्या. माणूस आधीच अर्धा झालाय." आणि जरा थांबून, "त्यांना सांगू नका."

तेही मी कबूल केलं. आता मला सांगा, एका भिंतीपलीकडं राहणाऱ्या नवरा-बायकोची एकच गोष्ट एकमेकांपासून लपवून ठेवायची, हे काम किती अवघड असेल! चाचा ओट्यावर भेटले की डोळा मारायचे. चाची भाजी निवडताना भेटल्या की मान हलवायच्या. मी मधल्या मधे "मधी, मधी" म्हणत वाट काढायचो. चाचांनी दुसऱ्याच दिवशी सगळी टेप काढून सेन्सर नीट बसवला होता. काटे चोख चालत होते. रविवार चालू राहिले.

मग एका सोमवारी सकाळी बघतो तर चाचा गाडीत आडवे होऊन ट्रेचे स्क्रू काढतायत.

"काय झालं, चाचा? मीटर बिघडले?"

"मीटर एकदम फस्क्लास." ते तसेच आडवे राहून म्हणाले. "काल येताना तिचा डोळा लागला, भाऊ. मागं. थकली व्हती, आपाची चादरी धुतल्या दिवसभर. मागून ट्रक हॉर्न देत राहिला, मला काय पत्ताच न्हाय. शेवटी बाजूनं घासत गेला, डायव्हर शिव्या देत व्हता, त्याचं तोंड हलताना दिसलं नुसतं."

मी त्यांच्या हातातून काढलेले स्क्रू घेतले.

"तिची दोन बोटं लई दिवस चालली. तिला वाटतं मला कळत न्हाय. मला वाटायचं, पोरीला तेवढंच समाधान." चाची साठीच्या पुढच्या होत्या, चाचा त्यांना कधीमधी पोरगी म्हणायचे. "पन ती झोपणारच ना कधीतरी? तिचं पण वय झालं. तिनं जागं राहावं म्हणून मी गाडी चालवायची, हे काय खरं न्हाय."

त्यांनी तिन्ही मीटर जुन्या बनियनमध्ये गुंडाळले. "पाणी मधी, तेल मधी, बॅटरी मधी," ते म्हणाले. "काटा आमचाच खाली आला. आन् यावेळी टेप न्हाय मधी."

गाडी त्यांच्या भाच्यानं नेली. चाचा-चाची काळी-पिवळी जीपनं करमाडला जायला लागले, दोनदा गाडी बदलून. रविवार चुकला नाही. एकदा मीही बरोबर होतो. चाचा ड्रायव्हरच्या खांद्यावरून वाकून डॅशबोर्ड बघत होते. त्या जीपमध्ये एकही काटा हलत नव्हता. चाचांनी कपाळावर हात मारून मला खूण केली आणि उतरेपर्यंत डोळे मिटून बसले. शेजारी चाचींनी त्यांचा हात धरला होता. कानाचं एकमेकांना सांगून झालं होतं, आता लपवायचं काही नव्हतं, त्यामुळं दोघं मोठ्यानं बोलत, अख्ख्या जीपला ऐकू जाईल असं.

आपा आधी गेल्या, आणि मागच्या थंडीत चाचा गेले. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी सकाळी उठले नाहीत. पुण्याहून मुलगा आला, चाचींना चल म्हणाला. त्या गेल्या नाहीत. ओटा रिकामा झाला. गल्लीतून जाताना अजून माझी जीभ "मधी" म्हणायला तयार असते. विचारणारा नाही, हे दर वेळी नव्यानं लक्षात येतं आणि राग येतो. कुणाचा, ते सांगता येत नाही.

यंदाच्या ईदला दुपारी दार वाजलं. चाची उभ्या होत्या. हातात तोच ट्रे, तीन भोकांचा. आणि त्या तीन भोकांत शीरखुर्म्याच्या तीन वाट्या अशा चपखल बसल्या होत्या, की पायऱ्या चढून आल्या तरी थेंब सांडला नव्हता.

"बघा," त्या म्हणाल्या. "कामाला आला."

मी माझी वाटी उचलली. खाली गोल भोक राहिलं, कड कानशीनं घासून अगदी गुळगुळीत केलेली. चाचींनी एका हातानं ट्रे सावरला आणि दुसऱ्या हाताचं नख त्या कडेवर हलकेच वाजवलं.

"काटा कुठंय, भाऊ?"

"खाली हाय, चाची," मी म्हणालो.

त्यांनी उरलेल्या दोन वाट्यांसकट ट्रे टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसल्या. "मग पाणी आना," त्या म्हणाल्या. "मला पण."