सासूबाई क्षमा करायला जातात

आमच्या सासूबाई कुणाचाही राग मनात ठेवत नसत. तो त्या चेहऱ्यावर ठेवत. त्यामुळे मन प्रार्थनेला मोकळं राही आणि बाकीच्या घराला तो चेहरा पाहत दिवस काढावा लागे.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. मी लग्न होऊन अंधेरीच्या एका बैठ्या चाळीत आले. सासूबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे सगळी चाळ त्यांना ‘बाई’च म्हणे. ख्रिस्ती घर आमचं एकटंच. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, शिवाय जेवणाआधीची. आणि ती इतकी सविस्तर, की जगातले सगळे आजारी बरे होईपर्यंत आमटी निवून जाई.

खरी कसोटी महिन्याच्या पहिल्या रविवारी. त्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजन. आमच्यात रीत अशी, की कुणाशी बिनसलं असेल, त्यातही कुणाचा आपल्यावर राग असेल, तर आधी समेट करायचा, मगच त्या भाकरीला आणि प्याल्याला हात लावायचा. बहुतेक लोक शनिवारी मनातल्या मनात समेट उरकतात. सासूबाईंना ही पळवाट ठाऊकच नव्हती.

त्या नाताळात त्यांनी शेगडीवर वाळू तापवून, वर निखारे ठेवून केक भाजला. शेजारच्या मालवणी वहिनींना त्यातला चांगला मोठा तुकडा दिला. दुसऱ्या दिवशी वहिनी तो कोंबड्यांना घालताना दिसल्या. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. नंतरही बोलल्या नाहीत. मग जानेवारीचा पहिला रविवार आला. सगळे उठून पुढे गेले आणि त्या एकट्या बाकावर बसून राहिल्या. घरी येऊन जेवल्या नाहीत. ते न जेवणं मात्र रागाचं नव्हतं, हे मलाही कळलं.

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं, बराच वेळ प्रार्थना केली आणि मला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं. वहिनी दारात मासे साफ करत होत्या.

सासूबाई म्हणाल्या, “वहिनी, मी तुम्हाला मनापासून क्षमा केली आहे.”

वहिनींचा हात थांबला. “माका? कित्याक? मी काय केलंय?”

“ते जाऊ द्या. मी विसरले.”

“विसारलात तर क्षमा कसली केलात?”

शेवटी सासूबाईंना केक आणि कोंबड्या सांगाव्या लागल्या.

“तो केक सुरयेन तुटूक नाय, बाई,” वहिनी म्हणाल्या. “तुमका वाईट वाटात म्हणून गप रवलंय. आणि महिनाभर तुम्ही बोलूक नाय, माका वाटला तुमका बरा नाय. तुमच्यासाठी देवाक नारळ बोललंय मी.” एवढं बोलून त्यांनी माशांचं ताट उचललं, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मामंजी ओटीवर पेपर वाचत होते. सगळं ऐकून म्हणाले, “आतापर्यंत तुझा तिच्यावर राग होता. आता तिचा तुझ्यावर आहे. नियमानं हे जास्त वाईट.”

“मला नियम शिकवू नका.”

“शिकवत नाही. उद्या रविवार आहे, एवढंच सांगतो.”

दुपारभर सासूबाई स्वयंपाकघरात बसून होत्या. मी चहा नेऊन दिला, तो तसाच राहिला. एकदाच त्यांनी मला विचारलं, “केक कडक होता?” मी नवी सून होते, म्हणून म्हटलं, “थोडासा.” मामंजी बाहेरून म्हणाले, “माझी तुटलेली दाढ दाखव तिला.”

दिवेलागणीला त्या पुन्हा गेल्या. घरातल्याच लुगड्यात, मला न घेता. पण दोन घरांमधली भिंत फळ्यांची होती आणि मी तिच्याजवळच्या मांडणीतली भांडी नेमकी तेव्हाच पुसायला काढली.

“माझं चुकलं,” सासूबाईंचा आवाज आला. वर्गात त्या आवाजात त्यांनी कधी कुणाला काही सांगितलं नसावं. “विचारायचं सोडून महिनाभर तोंड फिरवलं.”

“माका नको. तुमच्या देवाक सांगा.”

“सांगितलं. तो म्हणतो, आधी तुमच्याकडे जा.”

पलीकडे स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला आणि वहिनी म्हणाल्या, “मगे बसा. चाय टाकतंय.”

दुसऱ्या दिवशी आम्ही चर्चला निघालो, तर वहिनी दारातच उभ्या. “जावा, बाई,” म्हणाल्या, “माज्या मनात आता काय एक नाय.” सासूबाईंनी मान हलवली आणि पदराने घाईघाईने नाक पुसलं.

त्या रविवारी त्या सगळ्यांच्या आधी पुढे गेल्या. भाकर घेतली, प्याला घेतला, आणि गुडघे टेकून तशाच राहिल्या. मागची रांग खोळंबली. पाळकसाहेब खाकरले. तरी त्या उठेनात.

मामंजी माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, “आणखी कुणाला क्षमा करायचं ठरवत असेल, तर आत्ताच थांबव तिला.”