बायकोची वेढणी

आमच्या बायकोला गाठ घट्ट मारायची खोड. पिठाची पिशवी असो नाहीतर गावाला न्यायचं बोचकं, अशी आवळायची की पुन्हा सुटायचं नाव नको. मग तेच माझ्यापुढे आणून टाकायची. "सोडा ही." मी भांडुपला कारखान्यात फिटर होतो, हात किचकट कामाला सरावलेले. नखानं, सुईनं सोडवायचो आणि बडबडायचो. आता सुनेनं सगळ्या पिशव्यांना क्लिपा लावल्यात. बडबडायला काही राहिलं नाही.

तिच्या हातची एकच गाठ घरात उरली होती, वेढण्यांची.

वेढणं म्हणजे सोन्याची साधी तार, अंगठीसारखी वळवलेली. नक्षी नाही, खडा नाही. घडणावळ नावाला, आणि मोडायला गेलात तर घट नाही. गुरुपुष्यामृत आला की मुलुंडच्या बाजारात आमच्या सोनाराकडे जायचं आणि झेपेल तेवढं एक वेढणं आणायचं, हा तिचा नेम. सगळी एका पिवळ्या दोऱ्यात ओवून तांदळाच्या डब्यात पुरलेली. नवं आलं की मी गाठ सोडायची, तिनं ते ओवायचं आणि पुन्हा आवळायची. सैल मार म्हटलं तर म्हणायची, "तुमका काय कळता त्यातला?" मालवणकडची. मुंबईत जन्म गेला, पण माझ्याशी भांडण मालवणीतच.

सोनाराकडे मात्र एक गंमत असायची. वेढणं घ्यायच्या आधी ती काचेतला एखादा हार काढायला लावायची. चांगला नकसदार. गळ्याला लावायची, हनुवटी जरा वर करून मान डावीकडे कलती करायची आणि आरशात बघायची. बघायची म्हणजे, बाजूला गिऱ्हाईक उभं असलं तरी हलायची नाही. मी भाजीची पिशवी घेऊन पायरीवर. मग म्हणायची, "ठेवा परत. वेढणं द्या."

सोनार म्हातारा, खट्याळ. "वहिनी, पुढच्या वेळेपासून आरशाचं भाडं लावणार."

"लावा की. माझ्या तोंडाकडे बघून चार गिऱ्हाइकं आत येतात, त्याचं काय देता?"

घडणावळ म्हणजे पैसे पाण्यात, असं तिचं मत. माझंही तेच. त्या सोनाराच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

गेल्या पावसाळ्यात ती आजारी पडली आणि उठलीच नाही. हॉस्पिटलात एकदा म्हणाली, "ती वेढणी नातीची. लग्नात तिला चांगला दागिना करा." चांगला म्हणजे कसला, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, विचारायला वेळ आहे.

नातीचं लग्न ठरलेलं होतंच. वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, म्हणून घाई. मी तोडेच धरून बसलो होतो, घरात तसं बोलूनही दाखवलं होतं. भरीव, पिढीभर टिकणारे. नातीच्या मनात घाटकोपरचं एक डिझायनर दुकान होतं. मोबाइलवर फोटो दाखवायला लागली, तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, "हे नाटकातल्या राणीचं आहे."

"आबा, नुसतं बघू ना. तू चल तर खरा."

गेलो. वेढणी रुमालात बांधून, आतल्या खिशात. दुकानात गारठा, मंद दिवे, बसायला कोच. काळ्या कोटातल्या मुलीनं कॉफी आणून दिली आणि एक हार समोर ठेवला. सोन्यापेक्षा खडे जास्त. मी हातावर घेऊन पाहिला.

"ह्याच्या आत लाख भरलीये?"

"हो काका, ह्या कामात असतेच."

"मग मोडला तर काय येईल हातात?"

"काका, डिझायनर पीस कोणी मोडत नाही."

"मोडत नाही कसं? माणसावर वेळ येते."

नात म्हणाली, "माझं लग्न व्हायचंय अजून. तू कसली वेळ आणतोस? गप्प बस ना जरा."

काळ्या कोटातली मुलगी खाली मान घालून हसली. मी हार परत ठेवला आणि कॉफी उचलली.

नातीनं केस वर धरले, त्या मुलीनं मागून हार अडकवला. आणि पोरीनं हनुवटी जरा वर केली, मान डावीकडे कलती केली. तिला हे कोणी शिकवलेलं नाही. आजीबरोबर ती सोनाराकडे कधी गेलेलीसुद्धा नाही. मी हातातली कॉफी खाली ठेवली.

बराच वेळ बघितलं तिनं. मग आरशातूनच माझ्याकडे नजर टाकली, हार काढायला हात मागे नेला आणि म्हणाली, "ठेवा परत. तोडे दाखवा."

"का गं?"

"आजी ओरडली असती. खड्यांचे पैसे पाण्यात म्हणाली असती."

म्हणाली असती, खरं आहे. दर वेळी म्हणायचीच. पण तिला हार खरोखर नको असायचा, की आरशात तिला मागे पायरीवर पिशवी घेऊन उभा असलेला माणूस दिसायचा, ते मला आजही सांगता येत नाही. मला कोणी विचारलं, असला दागिना घ्यावा का, तर मी नाहीच म्हणेन. मोडीला मार खातो, रोज घालता येत नाही, लाखेच्या वजनाला सोनं समजून माणूस फसतो. हे सगळं तेव्हाही मला ठाऊक होतं.

"काढू नकोस," मी म्हटलं. "राहू दे गळ्यात."

"आबा, नक्की?"

"आजीनं चांगला दागिना सांगितला होता. तोडे मी ठरवले होते."

रुमाल सोडून वेढणी काउंटरवर ठेवली. त्या मुलीनं दोरा कापायला कात्री उचलली.

"कात्री ठेवा ती."

"काका, गाठ फार घट्ट आहे."

"माहीत आहे मला."

चष्मा पुसला आणि बसलो. दोरा हळदीनं कडक झालेला, बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत. नातीनं केसातली पिन काढून दिली. दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याला बाजूला बसवलं. घाई मी केली नाही. पुन्हा अशी गाठ मला कोण आणून देणार होतं? शेवटी एक पीळ सैल झाला, मग दुसरा, आणि वेढणी ट्रेमध्ये सांडली.

मी दोरा बोटाला गुंडाळायला लागलो तर नात म्हणाली, "आबा, तो मला दे. मी पण आणीन गुरुपुष्याला एकेक."

"आधी गाठ मारायला शीक," म्हटलं, आणि दोरा खिशात घातला.