पहिलं पान सोडून

वसूलराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते जिन्यातल्या शेजाऱ्यांनी ठेवलेलं. माणूस लिफ्ट दुरुस्त करणारा. तीस वर्षं उंच इमारतींच्या पोटात शिरून लोखंडी दोर, चाकं, दरवाजे ठाकठीक करत आलेला, आणि हाताला खरंच गुण असलेला. खोड एकच: फुकट मिळालेली वस्तू शेवटच्या थेंबापर्यंत वसूल केल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

अशा माणसाला कंपनीनं आरोग्य विमा दिला, आणि वर योजनेतल्या डॉक्टरांची एक जाडजूड पुस्तिका. यादीतल्या डॉक्टरकडे तपासणी फुकट. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! वसूलरावांनी चष्मा पुसला, सूचनांचं पहिलं पान उलटून टाकलं आणि थेट यादीला हात घातला. त्या महिन्यात त्यांनी पेपरसुद्धा इतक्या भक्तीनं वाचला नाही.

सकाळी डोकं जड वाटतंय एवढीच काय ती तक्रार. त्यासाठी ते हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले.

"अहो, डोकं जड झालंय ना? मग हृदयाचे डॉक्टर कशाला?" बायकोनं शिलाई मशीनवरून मान वर केली. शाळांचे गणवेश शिवण्याचं तिचं काम. दिवसभर मान खालीच.

"अगं, यादीत सगळ्यात जास्त पदव्या त्यांच्याच नावापुढे आहेत."

रक्तदाब वाढलाय म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. त्याच आठवड्यात मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी दिली. पुढच्याच सोमवारी मधुमेहाच्या डॉक्टरांनी, मधुमेह नसताना, रक्तदाबाचीच दिली.

"पहिल्यांनी दिलेली गोळी दुसऱ्यांना दाखवलीत का?"

"छे! दाखवली की ते स्वतःचं डोकं चालवत नाहीत. आणि तिघांचं होईपर्यंत मी एकही सुरू केली नाही. रोग झाकून गेला तर त्यांना सापडणार कसा?"

बायकोनं टीप मारली. वसूलरावांनी चांगला दिवस पाहून तिन्ही गोळ्या एकदम सुरू केल्या. फुकट सल्ल्याचा अपमान कोण करणार?

आठवडाभरात नऊमजली इमारतीत, लिफ्टच्या त्या उभ्या विहिरीत शिडीवर असताना वसूलरावांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कमरेला पट्टा बांधलेला होता म्हणून निभावलं. पण साहेबांनी ते डोळ्यांनी पाहिलं.

"शनिवारपर्यंत डॉक्टरचा कागद आणा," साहेब म्हणाले. "नाहीतर सोमवारपासून गोदामात बसून नटबोल्ट मोजायचे. कायमचे."

घरी आल्यावर वसूलराव जेवले नाहीत. बायकोला तेव्हा कळलं, प्रकरण खरंच बिकट आहे. उंचावर चढणं ही त्या माणसाची सगळी ऐट होती. गोदामात तो चार महिन्यांत वाळून गेला असता.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. थोड्या वेळानं पुस्तिका पुन्हा उघडली गेली.

"चक्कर कानामुळे येते म्हणतात. कानाचे डॉक्टर चारजण आहेत."

"चौघांकडे जाणार?"

"दोघांकडे तरी."

बायकोनं पुस्तिका त्यांच्या हातातून काढून घेतली. लग्नानंतर असं तिनं पहिल्यांदाच केलं. मनात देवाचं नाव घेतलं आणि पुस्तक जसं वाचायला शाळेत शिकवलं होतं तसं, पहिल्या पानापासून, वाचायला लागली. दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं: आधी एक डॉक्टर आपला म्हणून निवडा. सगळी औषधं त्यांना दाखवा. पुढे कुणाकडे जायचं ते तेच सांगतील.

"हे वाचलंत?"

"प्रस्तावना कोण वाचतं?"

गुरुवारी संध्याकाळी तिनं घरातल्या यच्चयावत गोळ्या डब्यात भरल्या आणि नवऱ्याला गल्लीच्या तोंडाशी, वह्यापुस्तकांच्या दुकानावरच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर यादीत होती, पण नावापुढे जेमतेम एक पदवी, म्हणून वसूलरावांनी तिला कधी मोजलंच नव्हतं.

डॉक्टरनं डबा टेबलावर ओतला. वसूलरावांना आडवं करून रक्तदाब मोजला, उभं करून मोजला, आणि आकडा घसरलेला पाहून त्यांना लगेच खाली बसवलं.

"काका, ही लाल खोक्यातली, ही निळ्यातली, ही हिरव्यातली. कंपन्या तीन. आत औषध एकच."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही रोज तिप्पट घेताय."

वसूलराव हळूच म्हणाले, "पण तिघांचंही निदान जुळलं, बघा!"

बायकोनं कपाळाला हात लावला. डॉक्टरला हसू आवरेना. तिनं तिथूनच हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, बोलली, दोन खोकी बाजूला काढली.

"आता कागद द्या," वसूलराव म्हणाले.

"देते की. कारण सापडलंय, दोन आठवडे उंचावर काम नको, रोज रक्तदाब मोजायचा, मग पुन्हा तपासू. असा कागद."

"शनिवारसाठी ठणठणीत असं लिहिलंत तर?"

"सोमवारी शिडीवरून पडलात तर, काका?"

साहेबांनी तो कागद घेतला. दोन आठवडे वसूलरावांनी गोदामात नटबोल्ट मोजले, आणि घरी येऊन एकही आकडा न विसरता बायकोला ऐकवले. पंधराव्या दिवशी डॉक्टरनं कामावर चढायचा कागद दिला. त्या दिवशी ते नवव्या मजल्याच्या वर जाऊन उतरले, तेव्हा कुठे बायकोनं देवापुढे हात जोडले.

जिन्यात वसूलराव शेजाऱ्यांना सांगत होते, "एकच डॉक्टर धरावा. मी कशी हुडकून काढली बघा!"

घरात आल्यावर त्यांनी विचारलं, "अगं, पुस्तिका कुठंय? दातांचं पान अजून बघायचं राहिलंय."

"मशीनचा एक पाय आखूड होता," बायको म्हणाली आणि टीप मारायला लागली. मशीन अजिबात डगमगत नव्हतं.