जावयाचा उजवा हात

भाचीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा उजवा हात जवळजवळ निकामी केला. सुरुवात जेलीफिशने केली, हे मान्य. पण तिने एकदाच डंख मारला. पुढचं सगळं माझं.

मी पेणला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. साखरपुडा रोह्याला, ताईच्या घरी. मुलगा अनिकेत पेणचाच, गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या घरातला. त्यांच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे रंगवायचं काम, ज्याला आखणी म्हणतात, ते फक्त तोच करायचा. परदेशी जाणाऱ्या मूर्ती रंगून तयार होत्या आणि डोळ्यांसाठी खोळंबल्या होत्या. असा तो हात.

शनिवारी दोन्हीकडची माणसं ताईकडे जमली. घरात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून अनिकेत आणि माझी भाची मृण्मयी यांनी रेवदंड्याला समुद्रावर जायची टूम काढली. अनिकेतची आई माझ्याकडे बघून म्हणाली, "मामांना घेऊन जा. शिकलेला मानूस बरोबर असला की काळजी नाय." (हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.)

किनाऱ्यावर मृण्मयीची चप्पल लाटेबरोबर आत गेली. अनिकेत ती धरायला वाकला आणि कळवळून मागे आला. बोटांपासून कोपरापर्यंत लाल वळ उठले होते आणि त्यांवर काचेसारखे पारदर्शक दोरे चिकटलेले.

"मामा, आग होतेय हो."

"घाबरू नकोस. मी आहे ना."

मी मूठभर ओली वाळू घेतली आणि तो हात पितळेच्या तांब्यासारखा घासला. दोरे तुटले, पण आग दुप्पट झाली. मग मी बाटलीतलं गार पाणी त्यावर ओतलं. अनिकेत वाळूत खालीच बसला.

मोबाइलमधून डोकं वर काढून मृण्मयी म्हणाली, "मामा, चोळायचं नसतं. आणि गोडं पाणी तर मुळीच घालायचं नसतं."

"मग आधी सांगायचंस ना."

"तू विचारलंस कुठे?"

"मामा," अनिकेत दात आवळून म्हणाला, "आता काहीच करू नका, प्लीज."

पण माझ्यातला मास्तर जागा झाला होता. ॲसिटिक ॲसिड! म्हणजे व्हिनेगर, आणि ते समोरच्या चायनीजच्या गाडीवर असणारच. मी धावत गेलो, गाडीवरच्या बाईंकडून बाटली मागून आणली आणि त्याच्या हातावर अर्धी रिकामी केली. तेव्हा त्याने जो आवाज काढला, तो ऐकून किनाऱ्यावरची घोडागाडी थांबली. मी बाटली उजेडात धरली. आत हिरव्या मिरच्यांचे तुकडे तरंगत होते.

मागोमाग आलेल्या बाई म्हणाल्या, "मिरचीचाच हाय तो. मला वाटलं, नूडल्सवर घालताय."

रोह्याकडे परत येताना गाडी मी चालवत होतो. मागच्या सीटवर अनिकेत पुन्हा पुन्हा अंगठा आणि पहिलं बोट एकत्र आणून बघत होता, कुंचला धरावा तसा. बोटं सुजली होती आणि थरथरत होती. ती जुळत नव्हती.

"मामा, हे जाईल ना?" त्याने विचारलं.

मला माहीत नव्हतं. एवढा वेळ मला सगळं माहीत होतं, आणि नेमकं हेच माहीत नव्हतं. आरशात त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

रोह्याच्या डॉक्टर माझ्याच जुन्या विद्यार्थिनी निघाल्या. त्यांनी आधी अनिकेतला श्वास घ्यायला त्रास होत नाही ना, ते पाहिलं. मग चिमट्याने उरलेले दोरे काढले आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात त्याचा हात बुडवून ठेवला.

"आधी काय काय केलंत?"

"कोणीतरी वाळू चोळली," मी म्हणालो.

"मामाने," मृण्मयी म्हणाली.

मग गोड्या पाण्याचं आणि व्हिनेगरचंही तिनेच सांगितलं, मिरच्यांसकट.

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "सर, या दोऱ्यांवर विषाच्या बारीक बारीक पिशव्या असतात. चोळलं किंवा गोडं पाणी लागलं की न फुटलेल्याही फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं. व्हिनेगर काही जातींना चालतं, काहींना उलटतं. मिरची मात्र कुठल्याच जातीला चालत नाही."

"आणि गरम पाणी?"

"विषात प्रथिनं असतात, उष्णतेने ती बिघडतात आणि वेदना कमी होते. उकडलेल्या अंड्याचं उदाहरण देऊन तुम्हीच शिकवलं होतंत."

"ते परीक्षेपुरतं," मी म्हणालो.

हळूहळू अनिकेतचा चेहरा सैल झाला. सूज मात्र राहिली. दुसऱ्या दिवशी अंगठी बोटाच्या पेरावरच अडली. भटजींनी जरा रेटून पाहिली, अनिकेतने डोळे मिटले आणि मांडवातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. शेवटी अंगठी डाव्या हातात घातली. फोटोंत त्याचा उजवा हात कुठेच नाही. त्याची आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ताईने मला जेवायलाही अगदी टोकाच्या पाटावर बसवलं.

पुढचे काही दिवस मी पेणमध्ये त्यांच्या गल्लीतून जायचं टाळत होतो. मग एका संध्याकाळी मृण्मयीने फोटो पाठवला: अनिकेतच्या हातात कुंचला आणि समोर पूर्ण डोळ्यांची मूर्ती. मी तो फोटो बराच वेळ बघत बसलो. रेघ कुठेही हललेली नव्हती.

लग्नाच्या दिवशी अनिकेतच्या आईने मला बाजूला घेतलं.

"मामा, मान तुमचाच. नवरीला मांडवात तुमीच आना, तिच्या मागं तुमीच उभे राहा. फक्त आमच्या पोराला हात लावू नका."

मी मृण्मयीच्या मागे दोन्ही हात पाठीशी बांधून उभा राहिलो. मंगलाष्टकं संपेपर्यंत हललो नाही. फक्त शेवटच्या अक्षता टाकायला एक हात सोडला, आणि त्यातला एक दाणा नेमका अनिकेतच्या डोळ्यात गेला.