सोयीची थंडी

सौदीतल्या डोंगरावरच्या ताइफला मी अकरा वर्षं काढली आणि तिथल्या हवेचं कौतुक ऐकून ऐकून मला वीट आला. रत्नागिरीकडच्या नातेवाइकांना वाटायचं, मी भट्टीत राहतो. सौदीतच, पण तापल्या किनाऱ्यावरच्या खोबरला असलेला मेव्हणा म्हणायचा, तू तर महाबळेश्वरात आहेस. दोघांचंही खोटं. जुलैत दुपारी पस्तीसच्या वर, संध्याकाळी बरी हवा, आणि ती खायला खालून जेद्दाहून लोटलेली गर्दी. मार्चअखेरीस, गुलाबांच्या दिवसांत, पहाटे चौदा-पंधरा. जानेवारीत पहाटे आठ, आणि आमच्या खोल्यांत एसी असायचा, हीटर नाही. जेद्दाच्या हेड ऑफिसात बसलेल्यांना ताइफ थंड असतं हे ठाऊक होतं, पण आम्हालाही थंडी वाजते हे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. मी चिडून रोजचं तापमान भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर लिहायला लागलो. त्यामुळे हॉस्पिटलात मी हवेचा जाणकार ठरलो.

मी एका खासगी हॉस्पिटलच्या औषधांच्या स्टोअरमध्ये होतो. परक्यांच्या जागी सौदी माणसं घ्यायची, त्या सौदीकरणाचा जोर वाढला तेव्हा माझ्या जागेवर ताइफचीच एक बाई आली. दोन मुलांची आई, कामाला चोख. सहा महिन्यांत तिला तयार करायचं आणि मग मी खलास, म्हणजे इकामा, तिथला राहायचा परवाना, संपला की घरी. मला तिचा राग यायला हवा होता, पण ती लेबलं वाचल्याशिवाय खोका हलवायची नाही, त्यामुळे राग टिकेना.

इन्शुलिनच्या फ्रिजचं तापमान ती रोज सकाळी तक्त्यावर लिहायची, अरबी आकड्यांत. अरबी पाच म्हणजे एक पोकळ गोल. आपल्या शाळेत शिकलेल्या माणसाला तो शून्यच दिसतो. मीही पहिल्या वर्षी फसलो होतो. आमचे साहेब पुण्याचे, दोन वर्षांपूर्वी आलेले, सगळं इंग्रजीत करणारे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी ती तक्ता लिहून वॉर्डांत औषधं द्यायला गेली आणि साहेबांनी तो उचलला. शून्य! इन्शुलिन गोठलं! फ्रिज आत्ता पाचवर दिसतोय, म्हणजे गोठून वितळलंय, असं त्यांनीच ठरवलं आणि सगळा साठा टाकायला सांगितलं. मी तक्ता न बघता कुप्या लाल पिशवीत भरल्या. पिशव्या गेल्यादेखील. त्या दिवशी खिडकीवरून तीन-चार पेशंट रिकाम्या हाताने परतले.

बाई परत आली, तक्ता बघून म्हणाली, हे तर पाच आहे. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. पण माणूस हुशार. तासाभरात त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं. तक्ता इंग्रजी आकड्यांत पुन्हा उतरवायचा, त्या सकाळपुढे शून्य घालायचं, आणि वर मी लिहून द्यायचं की त्या पहाटे ताइफला कडाक्याची थंडी पडली, स्टोअर गार पडलं, फ्रिज शून्यावर गेला आणि बाईने कुणालाच कळवलं नाही. जेद्दाचे लोक मान्य करतील, त्यांना ताइफ म्हणजे बर्फच वाटतो.

"तुम्ही आपले म्हणून सांगतोय," साहेब मराठीत म्हणाले. "तिला काढणार नाहीत, सौदी माणसं सरकारला मोजून दाखवायला लागतात. ती घरी बसेल, नाव राहील. आणि तुमचा इकामा मी बघतो."

आपले! त्या शब्दाची मला आजही शिसारी येते. त्या पहाटे चौदा होते, मी स्वतः लिहिले होते. तरी मी कडाक्याची थंडी लिहिली, सुवाच्य अक्षरात, आणि सही केली. खरा तक्ता साहेबांनी माझ्यासमोर फाडला. मी घरी जाऊन दोन चपात्या जास्त खाल्ल्या, हेही सांगून टाकतो.

चौकशीत बाईला कुणी बोलावलंच नाही. आठवड्याने तिला सांगितलं, उद्यापासून यायचं नाही, पगार खात्यात येत राहील. साहेबांना वाटलं, फुकटचा पगार कुणाला नको. ती स्टोअरमध्ये आली, कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. हे काम मिळावं म्हणून तिने घरच्यांशी वर्षभर वाद घातला होता, आणि आता घरचे म्हणत होते, आम्ही सांगत होतो ना. तिने मला माझ्या सहीचा कागद पाहिल्याचं सांगितलं. आवाज चढवला नाही.

"मी इथेच जन्मले," ती म्हणाली. "त्या पहाटे आम्ही अंगणात बसून कॉफी प्यायलो. मुलांच्या अंगात स्वेटरही नव्हता. तुम्ही मला विचारलं असतं, तर मी पाच कसा लिहितात ते साहेबांना शिकवलं असतं."

त्या पहाटेचे चौदा माझ्या कॅलेंडरवर अजून तसेच होते. मी किल्ली खणात टाकली आणि म्हणालो, "खलास, उख्ती."

उख्ती म्हणजे माझी बहीण.